कागद्यांच्या गावात आरसा

एरंडोलला खोली घेतली तेव्हा आप्पांनी अटी घातल्या त्या तीनच. भाडं पाच तारखेच्या आत. रात्री दहानंतर पाण्याची मोटर लावायची नाही. आणि तिसरी, किल्ली हातात देता देता: "भाऊ, भितले खिया नको ठोकजो."

खोली चांगली होती. बाथरूममध्ये डोक्याच्या वरपर्यंत पांढऱ्या टाइल होत्या आणि बेसिनही होतं. बेसिनच्या वर मात्र काहीच नव्हतं. पहिले आठ दिवस मी फोनचा सेल्फी कॅमेरा नळाला टेकवून दाढी केली. फोनवर फेस उडायचा, वाफेनं काच धुरकट व्हायची, आणि मधेच कुणाचा तरी कॉल आला की अर्धी दाढी झालेला चेहरा गायब.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण वडिलांच्या बदल्यांमुळे माझं लहानपण सात भाड्याच्या घरांत गेलं, आणि त्या सातही घरांत आईचा आरसा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला असे. टिकली लावायला ती दर वेळी वाकायची. भिंतीला हात लावला आणि मालक काही बोलला तर, ही भीती. आरसा भिंतीवर लावणं एवढं अवघड कधीपासून झालं, हे मला खरंच शोधायचं होतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आरसा मुळात भिंतीवरची वस्तू नव्हतीच. संस्कृतातल्या 'आदर्श'वरून आलेला आपला आरसा बराच काळ घासूनपुसून चकचकीत केलेला धातूचा तुकडा होता, हातात धरायचा. 'हातच्या काकणाला आरसा कशाला' ही म्हणसुद्धा हाताभोवतीच फिरते. बायकांचा आरसा फणेरपेटीच्या झाकणात असायचा. झाकण उघडून उभं केलं की आरसा तयार, मिटलं की घर पुन्हा जसंच्या तसं. पुरुषांचा आरसा न्हाव्याच्या धोकटीत. तो घरी यायचा, काम झालं की आरसा हातात द्यायचा आणि घेऊन जायचा. न्हाणीत आरशाचं कामच नव्हतं. तिथं अंधार, चुलवण, हंडा आणि धूर.

भिंतीचंही तसंच. जुन्या घराच्या भिंतीला कुणाला काही ठोकावं लागत नसे, कारण भिंत बांधतानाच तिच्यात खुंट्या आणि कोनाडे सोडलेले असत. दिवा कोनाड्यात, पागोटं खुंटीवर. टांगणाऱ्याची सोय गवंडी आधीच करून ठेवायचा. सिमेंटच्या भिंतीनं ही सोय काढून घेतली. गुळगुळीत, चौकोनी, कोरी भिंत आली आणि तिच्यावर काहीही लावायचं म्हणजे आधी तिला भोक पाडायचं असं ठरून गेलं.

दरम्यान आरसा स्वस्त झाला. आधी काचेच्या पाठीवर कथिल आणि पारा चढवत. काम विषारी आणि माल महाग. १८३५ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिखनं काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रासायनिक क्रिया शोधली. बारावी सायन्सला टॉलेन्स टेस्ट केली असेल, तर परीक्षानळीच्या आतून चढलेला तो चकचकीत थर तुम्ही पाहिलाय. तीच ही क्रिया. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिलेटचा पात्याचा रेझर आला आणि दाढी न्हाव्याकडून स्वतःच्या हातात आली. हातात रेझर आणि ब्रश, मग आरसा धरणार कोण? तो भिंतीवर गेला, आणि नळ जिथं तिथंच गेला.

भाडेकरूची अडचण इथून सुरू होते असं मला वाटलं होतं. पण कायद्याची पुस्तकं उघडली तर हा वाद आणखी जुना निघाला. १७०६ साली इंग्लंडमध्ये 'बेक विरुद्ध रेबो' हा खटला झाला. प्रश्न असा: घर आणि घराला जडलेल्या सगळ्या वस्तू द्यायच्या असं ठरलं, तर भिंतीला खिळ्यांनी आणि स्क्रूंनी बसवलेले आरसे त्यात धरायचे का? कोर्टानं सांगितलं, नाही. आरसे म्हणजे शोभेचं सामान, घराचा भाग नव्हे. भाडेकरूही ते काढून नेऊ शकतो. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, नेमक्या आरशाबद्दल, खिळ्यासकट!

तरी इंग्लंडात मूळ नियम कडकच होता: जमिनीला जे जडलं ते जमीनमालकाचं. आरसा हा त्याला अपवाद. भारतात गोष्ट उलटी घडली. १८६६ मध्ये ठाकूर चंदर परामाणिक विरुद्ध रामधन भट्टाचार्य या खटल्यात कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठानं म्हटलं की असा सरसकट नियम या देशाच्या कायद्यात किंवा रूढीत सापडत नाही. हक्कानं राहणाऱ्या माणसानं काही उभारलं असेल, तर तो ते काढून नेऊ शकतो. जागा मात्र पूर्वीसारखी करून द्यायची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये हाच विचार आहे. भाडेकरूनं जडवलेलं ताबा असेपर्यंत काढून न्यावं, जागा घेतली तशी परत द्यावी, आणि रोजच्या वापरानं होणारी झीज त्याच्या माथी मारू नये. मुंबई इलाख्याला, म्हणजे आपल्या खानदेशालाही, हा कायदा लागू झाला १८९३ मध्ये.

अलीकडचा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. मालकाच्या लेखी संमतीशिवाय 'कायमचं बांधकाम' केलं तर भाडेकरूला घर सोडावं लागू शकतं, असं त्याचं कलम १६ म्हणतं. पण कायमच्या बांधकामात काय धरायचं नाही याची यादीही तिथंच आहे: लाकडी पार्टिशन, उभ्यानं स्वयंपाकाचा ओटा, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर. लागेल तिथं नगरपालिकेची परवानगी घेऊन, अर्थात. आरशाचं त्यात नावही नाही. जिथं एसी कायमचा नाही, तिथं फूटभर आरशाची काय कथा!

मग आई का वाकत होती? कारण भाड्याची घरं कायद्याच्या कलमांवर चालत नाहीत, ती डिपॉझिटवर चालतात. अकरा महिन्यांचा करार, त्यातलं 'भिंतींचे नुकसान केल्यास' हे मोघम वाक्य, आणि शेवटच्या दिवशी मालक भिंतीवरून फिरवतो तो हात. पाच-दहा हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतं? कायद्यात 'नुकसान' म्हणजे जागेला कायमची इजा. व्यवहारात 'नुकसान' म्हणजे मालकाला दिसलेलं भोक.

आप्पांशी वाद घालायचा नव्हता. भोक न पाडता लावायचं, एवढंच उरलं. आणि इथं मला हे गाव आठवलं.

एरंडोल म्हटलं की लोक पांडववाडा नाहीतर पद्मालयाचा गणपती सांगतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये एरंडोलची ओळख आहे ती जाड्याभरड्या देशी कागदासाठी पूर्वी नावाजलेलं गाव म्हणून. धंदा तेव्हा थोडाफार तग धरून होता. गिरणीच्या कागदापुढे असे धंदे देशभर बसले.

देशी हातकागदाची रीत सांगण्यासारखी आहे. ताग, जुने दोर, गोणपाट, रद्दी भिजवून कुटायची, धुवायची, त्याचा लगदा हौदात कालवायचा. गवताच्या काड्यांच्या चटईवर तो उचलला की ओला ताव तयार. तावांची थप्पी दाबून पाणी काढायचं. आणि मग वाळवायचं कसं? कागदी लोक एकेक ओला ताव मऊ ब्रशनं घराच्या गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवत. वाळला की कोपऱ्यातून धरून अलगद सोलायचा. भिंतीला लागलेली बाजू भिंतीइतकीच गुळगुळीत निघायची. त्यावर खळ, मग दगडानं घोटाई. ताव फाटला तर नुकसान, गिलावा निघाला तरी नुकसान. म्हणजे ज्या गावात मी भिंतीला न दुखवता काहीतरी चिकटवायला बघत होतो, त्या गावाची पोटं एकेकाळी याच कसबावर भरत होती.

ताव सोलण्यात जी युक्ती आहे तीच आजच्या चिकटपट्टीत आहे. चिकटलेली वस्तू भिंतीच्या समांतर ओढली तर दाद देत नाही; कोपऱ्यातून, भिंतीपासून दूर, उचलली की सहज सुटते. आरशाचं वजन खाली, भिंतीच्या समांतर जातं, म्हणून पट्टी ते पेलते. धोका वरच्या कडेला, जिथून आरसा पुढे कलू बघतो. म्हणून पट्ट्या वरच्या कडेजवळ हव्यात, नुसत्या मधोमध नाही. ओढून काढायच्या पट्ट्या थ्रीएम कंपनीनं १९९६ मध्ये 'कमांड' नावानं आणल्या. त्यांची शेपटी भिंतीला चिकटून, सरळ खाली, हळूहळू ताणायची. पट्टी रबरासारखी लांबते, बारीक होते आणि सुटते. घाईनं स्वतःकडे ओढली की रंगाचा पोपडा हातात.

भोक पाडणाऱ्यांनाही भिंतीची काळजी होती, हेही सांगायला हवं. आपले इलेक्ट्रिशियन जिला गिट्टी म्हणतात, तिचा पूर्वज १९११ च्या सुमारास लंडनमध्ये जन्मला. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतीची फार नासधूस न करता बसवायची होती. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या ठेकेदारानं तागाच्या दोऱ्याची, प्राण्यांच्या रक्तानं चिकटवलेली छोटी नळी बनवली. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकात घट्ट बसते. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरनं नायलॉनची केली.

माझा आरसा असा लागला. स्टेशनरीच्या दुकानातून हलका, प्लास्टिकच्या चौकटीचा घेतला आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं: नऊशे ग्रॅम. पट्टीच्या पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्म्यावरच थांबायचं ठरवलं, कारण बाथरूममध्ये वाफ असते आणि साध्या पट्ट्या ओलीत टिकत नाहीत. ओल्या जागेसाठीच्या वेगळ्या मिळतात, त्या जळगावहून आणल्या. दुकानदार सिलिकॉनची नळी देत होता. ती घेतली नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या पाठीवरची चांदी खातं, कडा काळ्या पडतात. आणि टाइलवरून ते खरवडणं म्हणजे पुन्हा ब्लेड आलं. टाइल असल्याचा फायदा मोठा. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी भिंतीला चिकटतच नाही, ती रंगाला चिकटते.

आधी साबणानं टाइल धुतली. इथल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरनं काढले, कोरडी केली, शेवटी स्पिरिटनं पुसली. पुसताना बोटाला काहीतरी खडबडीत लागलं. डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली, दोन टाइलच्या सांध्यात, एक बुजवलेलं भोक. व्हाइट सिमेंट भरून नीट घासलेलं. वीतभर अंतरावर दुसरं.

आप्पांना बोलावलं, नाहीतर शेवटच्या दिवशी ती माझ्या नावावर गेली असती. ते चष्मा चढवून भिंतीजवळ गेले, अंगठा फिरवला. वरचा मजला बांधायच्या आधी ते याच खोलीत राहत होते. आरसा तिथंच होता. वर जाताना त्यांनी तो काढून नेला आणि भोकं स्वतः बुजवली.

मी पट्ट्या आरशाच्या पाठीला दाबून बसवत होतो. आप्पा दारात उभे राहून बघत राहिले.

"जरासा वर लाव, भाऊ," ते म्हणाले. "मना खाले व्हता. रोज वाकनं पडे."