बैरूत येथील अमेरिकन वाणिज्य-पदवी : सनद, भाषा आणि चलन

परदेशी विद्यापीठाची पदवी स्वदेशात राहूनच संपादन करता येणे ही अगदी अलीकडची सोय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांच्या शाखांविषयीचे नियम २०२३ साली जाहीर केले आणि २०२५ साली अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्र दिले. त्यामुळे हा समज अधिकच दृढ झाला असल्यास नवल नाही. वस्तुतः या व्यवस्थेचा इतिहास दीड शतकाहून अधिक जुना आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील बैरूत शहरात अमेरिकन सनदेखाली चालणारे महाविद्यालय १८६६ साली उघडले, आणि १९०० साली त्याच महाविद्यालयात वाणिज्याची स्वतंत्र शाळा निघाली. हार्वर्ड विद्यापीठाची सुप्रसिद्ध व्यवसाय-शाळा १९०८ ची. म्हणजे बैरूतची शाळा तिच्याहून आठ वर्षांनी वडील आहे. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली स्थापन झाले, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न सतत पुढे उभा राहतो. पदवी घरी मिळाली एवढ्यावरून विद्यार्थी घरी राहिला असे म्हणता येईल काय? बैरूतचा अनुभव पाहता या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते : सनद कोणाची, भाषा कोणती आणि चलन कोणते.

१. सनद

बैरूतच्या या संस्थेचे मूळ ज्या चळवळीत आहे, तिचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. बोस्टन येथील 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेची स्थापना १८१० ची. तिचे प्रचारक १८१३ साली मुंबईस उतरले. पुढे अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. त्याच बोर्डाचे प्रचारक १८२३ साली बैरूत येथे पोहोचले. मुंबईत अमेरिकन मिशन छापखान्याने मराठी मुद्रणाच्या आरंभकाळी जे कार्य केले, तेच कार्य अरबीच्या बाबतीत माल्टाहून १८३४ साली बैरूतला हलविलेल्या छापखान्याने केले. दोन्हीकडे सुरुवातीचे धोरण एकच होते : लोकांशी लोकांच्या भाषेत बोलावे.

बोर्डाचे कार्यवाह रूफस अँडरसन हे या धोरणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. १८५४-५५ मध्ये त्यांनी पश्चिम भारतातील मिशनांना प्रत्यक्ष भेट दिली आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना आळा घातला. इंग्रजी शिकलेला तरुण मिशनच्या व गावाच्या कामास मुकतो आणि सरकारी कचेरीची वाट धरतो, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु उच्च शिक्षणाची मागणी वाढत चालली होती. इस्तंबूल येथे सायरस हॅमलिन यांचा याच प्रश्नावरून बोर्डाशी मतभेद झाला आणि बोर्डातून बाहेर पडून त्यांनी १८६३ साली रॉबर्ट कॉलेज सुरू केले. बैरूतमध्ये गोष्ट इतकी विकोपास गेली नाही. तथापि नियोजित महाविद्यालय बोर्डाच्या खर्चाने व हुकमतीखाली चालवू नये, असे ठरले. डॅनिएल ब्लिस हे अमेरिकेस गेले, त्यांनी निधी जमविला आणि न्यूयॉर्क राज्याने १८६३ साली महाविद्यालयास सनद दिली. विश्वस्त मंडळ न्यूयॉर्कमध्ये, वर्ग बैरूतमध्ये, अशी ही रचना झाली. ३ डिसेंबर १८६६ रोजी सोळा विद्यार्थ्यांनिशी 'सीरियन प्रॉटेस्टंट कॉलेज' उघडले. १८७० साली पहिले पाच पदवीधर बाहेर पडले.

ही सनद पदवी देण्याचा अधिकार देत होती. पदवीचा उपयोग करण्याचा अधिकार मात्र ती देऊ शकत नव्हती. बैरूत तेव्हा उस्मानी साम्राज्यात होते. महाविद्यालयाच्या वैद्यक-शाखेतून उत्तीर्ण झालेल्यास रोग्यांवर उपचार करण्यासाठी उस्मानी सरकारची परीक्षा निराळी द्यावी लागे. न्यूयॉर्कची मोहर इस्तंबूलच्या परवान्याची जागा घेऊ शकत नव्हती. परदेशी पदवीची ही मर्यादा पहिल्या पिढीतच स्पष्ट झाली होती.

२. भाषा

सनद अमेरिकन असली तरी आरंभी अध्यापनाची भाषा अरबी होती, ही गोष्ट आज अनेकांस ठाऊक नसते. कॉर्नेलियस व्हॅन डाइक यांच्यासारख्या अध्यापकांनी रसायन, बीजगणित, ज्योतिष इत्यादी विषयांवर अरबीत पाठ्यग्रंथ लिहिले. याच महाविद्यालयातील याकूब सर्रूफ व फारिस निम्र या दोघा तरुणांनी १८७६ साली 'अल-मुक्तताफ' हे विज्ञानविषयक अरबी मासिक काढले. आधुनिक शास्त्रांना लागणारी परिभाषा अरबीत घडत होती, आणि ती वर्गातल्या नित्य वापरातून घडत होती.

ही स्थिती फार काळ टिकली नाही. प्रथम साहित्य-शाखेत आणि १८८७ साली वैद्यक-शाखेतही अरबीच्या जागी इंग्रजी आली. याची कारणे व्यावहारिक होती. अमेरिकेतून येणाऱ्या अध्यापकास अरबीत शिकविण्याइतकी गती येण्यास वर्षे लागत. नवीन ग्रंथांचे अरबीकरण मूळ ग्रंथांच्या वेगाने होत नसे. आणि १८८२ साली ब्रिटिशांनी मिसर व्यापल्यावर इंग्रजी जाणणाऱ्या तरुणांस तेथे कामे मिळू लागली. त्याच वर्षी एडविन लुइस या अध्यापकाने पदवीदान-समारंभातील भाषणात डार्विनचा गौरवाने उल्लेख केला, त्यावरून त्यांस संस्था सोडावी लागली आणि निषेध म्हणून व्हॅन डाइक यांनीही राजीनामा दिला. अरबीत शिकविण्याचे सामर्थ्य ज्यांच्यापाशी सर्वाधिक होते, तेच अशा रीतीने बाहेर पडले. पुढे सर्रूफ व निम्र यांनीही महाविद्यालय सोडले आणि 'अल-मुक्तताफ'चे बिऱ्हाड कैरोस हलले.

अँडरसन यांचे भाकीत खरे ठरले असे येथे वाटते, परंतु ते अर्धेच खरे आहे. इंग्रजीमुळे तरुण दूर गेले हे खरे. पण ते अरबीभाषी मिसरात व सुदानात गेले. शिवाय अरबी वाङ्मयाचे नवे वृत्तपत्रीय गद्य घडविण्यात याच महाविद्यालयात शिकलेल्यांचा वाटा मोठा होता. वर्गातून गेलेली भाषा छापखान्यात जिवंत राहिली. शास्त्राची परिभाषा मात्र जी एकदा वर्गाबाहेर पडली, ती त्या महाविद्यालयात परतली नाही.

३. वाणिज्य

१९०० साली वाणिज्य-शाळा निघाली ती या पार्श्वभूमीवर. त्याच साली अमेरिकेत डार्टमथ येथे टक शाळेचा आरंभ झाला. पेनसिल्व्हेनियातील व्हॉर्टन शाळा त्याआधीची, १८८१ ची. म्हणजे अमेरिकेतही हे शिक्षण बाल्यावस्थेत असतानाच ते बैरूतला आले. शहरही त्यास अनुकूल होते. दमास्कसपर्यंतचा गाडीरस्ता १८६३ साली पुरा झाला होता, लोहमार्ग १८९५ साली. लेबनॉन पर्वतावरचे रेशीम बैरूत बंदरातून फ्रान्सला जात असे.

वाणिज्य-पदवीस एक सोय होती, जी वैद्यकास नव्हती. हिशेबनीस होण्यासाठी कोणत्याही सरकारचा परवाना लागत नसे. पेढीवाल्याने पदवी मानली की काम भागले. म्हणूनच परक्या सनदेची पदवी ज्या विद्याशाखेत सर्वांत सहज रुजते, ती वाणिज्य-व्यवसायाची शाखा होय. पुढील शतकात अमेरिकन विद्यापीठांच्या शाखा देशोदेशी निघाल्या तेव्हाही व्यवसाय-प्रशासन हा विषय बहुधा अग्रभागी राहिला, याचे एक कारण येथे सापडते.

परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता या घटनेत एक विसंगती आहे आणि मराठी वाचकास ती विशेष जाणवेल. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा, किंमत, दलाल : मराठी वहीखात्यातील हे शब्द मुळात अरबी असून फारसीच्या द्वारे दख्खनेत आले, काहींचे रूप बदलले, काहींचा अर्थ. 'सनद' हा शब्दही तिकडचाच. ज्या भाषेने अर्ध्या आशिया खंडास व्यापाराचे शब्द पुरविले, तिच्याच मुलखात व्यापाराचे उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे लागले. याचा अर्थ अरबी असमर्थ होती असा नव्हे. ज्या पेढ्या व कचेऱ्या त्या पदवीची किंमत करीत होत्या, त्यांचा पत्रव्यवहार अरबीत चालत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ आहे. पदवीची भाषा ठरविणारा शेवटी पदवीधरास नोकरीवर ठेवणारा असतो. विद्यापीठ त्याच्या मागोमाग जाते.

४. चलन

१९२० साली संस्थेचे नाव 'अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ बैरूत' असे झाले. फ्रेंच अंमल, १९४३ चे लेबनॉनचे स्वातंत्र्य, १९७५ ते १९९० चे यादवी युद्ध या सर्वांतून ती टिकली. पण त्याचे मोल तिला द्यावे लागले. १९८४ साली अध्यक्ष माल्कम कर यांची विद्यापीठाच्या आवारातच हत्या झाली. १९९१ साली स्फोटात उद्ध्वस्त झालेले 'कॉलेज हॉल' १९९९ मध्ये पुन्हा उभे राहिले. २००४ साली विद्यापीठास अमेरिकेतील 'मिडल स्टेट्स' आयोगाची मान्यता मिळाली आणि २००९ साली व्यवसाय-शाळेस, जी आता सुलेमान ओलायान यांच्या नावाने ओळखली जाते, आंतरराष्ट्रीय व्यवसाय-शाळांच्या मान्यता-संस्थेची. सनद पुरेनाशी झाली होती. तिच्या जोडीला पुनःपुन्हा तपासली जाणारी मान्यता लागू लागली होती.

२०१९ साली लेबनॉनचे अर्थकारण कोसळले तेव्हा या रचनेतील तिसरा दुवा उघडा पडला. डॉलरमागे सुमारे १,५०० लेबनीज पौंड हा दर दोन दशके स्थिर होता. डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठाने शुल्कासाठी ३,९०० पौंडांचा दर जाहीर केला. ज्या कुटुंबांचे उत्पन्न पौंडांत होते, त्यांच्या दृष्टीने शुल्क एका निर्णयाने अडीचपटीहून अधिक झाले. विद्यार्थी रस्त्यावर आले. विद्यापीठाचीही अडचण खरी होती : त्याची मान्यता, ग्रंथसंग्रह व अध्यापकवर्ग राखण्याचा खर्च बाहेरच्या बाजारभावाने होणार होता. घर, आईबाप, वर्ग सर्व बैरूतमध्येच होते. केवळ पदवीचे मोल परदेशात ठरत होते.

बैरूतच्या दीडशे वर्षांचा निष्कर्ष निराशेचा नाही. त्या महाविद्यालयाने कित्येक पिढ्यांना समुद्र न ओलांडता उत्तम शिक्षण दिले आणि त्या प्रदेशाला हिशेबनीस, वैद्य, संपादक व मंत्री दिले. समुद्रप्रवासाचा खर्च वाचला, हा लाभ थोडका नव्हे. परंतु सनद, भाषा आणि चलन ही तिन्ही बाहेरची असली, तर घरी राहिलेला विद्यार्थीही काही अंशी प्रवासातच असतो. यांतील भाषा ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्यावर त्या त्या समाजाचा थोडाफार अधिकार चालतो. बैरूतला पहिली पंधरा-वीस वर्षे तो चालविता आला, हे 'अल-मुक्तताफ'च्या जन्माने सिद्ध केले आहे. मुंबईत अशा शाखा निघत असताना, ज्या भाषेच्या वहीखात्यात अरबीचे शब्द शतकानुशतके नांदले, त्या मराठीस नव्या वाणिज्याच्या वर्गात कोणते स्थान राहील, हा प्रश्न पहिल्या तुकडीच्या आधीच विचारला गेला पाहिजे. बैरूतमध्ये तो विचारला गेला होता. मात्र त्याचे उत्तर बदलले तेव्हा ते बदलणाऱ्यांत अरबी शिकविणारे फारसे उरले नव्हते.