परसातले पाणी

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली गाडी बुटीबोरी आणि बोरखेडी मागे टाकून सिंदीला येते. वर्धा शहराला चिकटून सिंदी (मेघे) आहे. ही तिच्याहून वेगळी, सिंदी (रेल्वे). भुसावळकडून आलेले रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचले, त्या मार्गावरचे हे स्टेशन. आता इथे ड्राय पोर्टचा प्रकल्प आला आहे, समृद्धी महामार्ग याच सेलू तालुक्यातून गेला आहे आणि कापूस-तुरीच्या शेतांच्या कडेला प्लॉट पडू लागले आहेत. वर्धा-नागपूर पट्ट्यात बांधल्या जाणाऱ्या नव्या बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या नकाशांत मागच्या बाजूला एक निळा आकार हमखास दिसतो. तो असतो तरणतलाव, भोवती लाकडी फळ्यांचा डेक, हिरवळ आणि चार आरामखुर्च्या.

हे चित्र मुळात कॅलिफोर्नियाचे. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ मध्ये सोनोमा परगण्यात डॉनेल कुटुंबासाठी मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव आखला. त्याची छायाचित्रे मासिकांतून जगभर गेली आणि मागच्या अंगणातला तलाव हे सुखवस्तू घराचे लक्षण ठरले. चर्चची रचना आजही देखणी वाटते, कारण तिच्या वळणांत समोरच्या खाडीतल्या पाणथळीची वळणे उतरली होती. ती तिथल्या जमिनीची होती. सिंदीच्या काळ्या रेगडीवर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तीच रेघ ओढण्याआधी इथल्या घरांनी पाण्याला कुठे आणि कशी जागा दिली होती, हे पाहायला हवे. तो इतिहास मोठा आहे, आणि आजच्या नकाशाला उपयोगी पडेल असे त्यात पुष्कळ आहे.

विदर्भातले जुने घर रस्त्याकडून मागे सरकत जाते. अंगण, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागचे दार उघडले की सांदवाडी. तिथे विहीर, विहिरीला लागून न्हाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू, जरा पलीकडे लिंबू, गोडलिंब, मोगरा. विहिरीतून काढलेले पाणी दोनतीन कामे करून मगच जमिनीत परत जात असे. भांडी घासलेले पाणी झाडाला, आंघोळीचे केळीला. कोणी आराखडा काढून हे केले नव्हते. रहाटाने किंवा नुसत्या दोराने घागर वर ओढणाऱ्या बाईच्या खांद्याला पाण्याचे वजन ठाऊक होते, आणि त्या वजनानेच परसाची मांडणी ठरवली होती.

शेतातल्या विहिरीवर मोट असे. बैल धावेवरून उतरत, चामड्याची मोट वर येई आणि तिची सोंड थारोळ्यात रिकामी होई. थारोळे म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बांधलेला दगडी हौद. त्यातून पाणी दांडाला लागे. उन्हाळ्यात या थारोळ्यात बसून अंगावर मोटेचे पाणी घेणे हे खेड्यातल्या पोरांचे हक्काचे सुख होते. उथळ, भक्कम, सतत ताजे पाणी येणारे आणि आपोआप वाहून जाणारे असे ते कुंड होते. लहान मुलांसाठी याहून चांगली रचना आजचा वास्तुविशारदही क्वचितच देतो.

पोहणे मात्र विहिरीतच शिकायचे. पाठीला वाळलेले भोपळे किंवा रिकामा डबा बांधायचा, कंबरेला दोर, दोराचे दुसरे टोक काठावरच्या थोरल्याच्या हातात. आठवड्याभरात दोर सुटे आणि मग मुटके सुरू होत. सुटीच्या दिवसांत गावच्या पायविहिरीवर दिवसभर गलका असे. मुलींच्या वाट्याला हे फार कमी आले, आणि सर्वच जातींच्या मुलांच्या वाट्याला तर नाहीच.

घर आणि पाणी एकत्र बांधण्याची सर्वांत धाडसी कल्पना पाहायची तर साताऱ्याजवळच्या लिंब गावी जावे लागते. तिथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात, छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी आमराईच्या पाण्यासाठी बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटांचे असले तरी मोटांची सोय पंधरांची आहे. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, तिच्याकडे रुंद पायऱ्यांची वाट उतरते, आणि या दोहोंच्या मधे चक्क एक छोटा महाल उभा आहे. खाली पाणी, वर बैठकीची जागा, भिंतींवर कोरलेली शिल्पे. उन्हाळ्याच्या दुपारी माणूस जमिनीखाली उतरून दगड आणि पाणी यांच्या गारव्यात बसे. त्याच वेळी वर बैल आमराईला पाणी देत असत. विसावा आणि शेती यांच्यासाठी वेगवेगळे पाणी लागले नाही. मराठी मुलखात पाण्याकाठच्या बैठकीचा याहून उंची नमुना शोधूनही सापडणे अवघड आहे.

दख्खनच्या सुलतानांनी हाच गारवा वेगळ्या रीतीने साधला. अहमदनगरला सोळाव्या शतकात निजामशाहीने फराहबाग उभारली, ती चौरस तलावाच्या मध्यात बांधलेल्या महालाभोवती. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदून डोंगरातले पाणी शहरात आणले. पुढे तिथल्या पाणचक्कीच्या आवारात मोठा हौद झाला. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी खेळते आणि खाली यात्रेकरू थंडाव्यात विसावतात. विजेशिवाय चालणारे हे शीतगृह आजही जाऊन पाहता येते.

पुण्यात पाणी खासगी वाड्याच्या चौकापर्यंत आले ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, पण वाड्याला आणि वाढत्या शहराला नदीचे पाणी पुरेना. म्हणून १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून बंदिस्त नळ शहरात आणला गेला. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा हा नळ मोठा होता. जागोजागी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि पाणी नितळ होत पुढे जाई. सगळा प्रवाह उतारावर चालला होता. त्या नळावर शहरात हौद भरत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्याच्या बोलण्यात आजही आहेत, हौदांत पाणी नसले तरी. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे याच पाण्यावर उडत असे. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. दगडी कमळ मात्र राहिले.

कारंजे पाहून लोक थक्क होतात ते योग्यच आहे. पण घरच्या पाण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग पुण्यातच, गंज पेठेतल्या एका साध्या घरी घडला. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. हौद लहान, कोरीवकाम नाही, कारंजे नाही. तरीही त्याच्या काठावर जे ठरले ते पेशव्यांच्या कोणत्याही हौदावर ठरले नव्हते. घरातल्या पाण्याला कोण हात लावील, हा प्रश्न त्या काळी घराच्या पवित्रतेचा कणा होता, आणि फुले दांपत्याने तो स्वतःच्या दारात मोडला.

त्यानंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात पक्का व्हायला १९३७ उजाडावे लागले. वर्ध्यातही हे वारे पोचले होते. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये तिथले लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी उघडले आणि आपल्या बागा-शेतांतल्या विहिरीही खुल्या केल्या. घरच्या तलावावर लिहिताना हा भाग टाळला जातो, कारण तो शोभेच्या विषयात बसत नाही असे वाटते. पण महाराष्ट्रात कोणत्याही पाण्याभोवती कुंपण घालताना हा इतिहास त्या कुंपणापाशी उभाच असतो. मुंबईत ब्रीच कँडीला १८७६ पासून समुद्रकाठी तरणतलाव होता आणि भारतीयांना तिथे दीर्घकाळ मज्जाव होता, हेही त्याच गोष्टीचे दुसरे रूप.

सिंदीपासून जवळच, सेवाग्रामला, १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले. बापूकुटी मातीची, बांबूची, कवेलूंची. तिच्या न्हाणीघरात टब आहे. लुई कूनेच्या जलोपचारांवर गांधीजींची श्रद्धा होती आणि टबातली बैठक हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात अंग पाण्यात ठेवण्यासाठी किती कमी पाणी पुरते, याचा तो टब म्हणजे पुरावा आहे. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाचे दान न घेता शेती करायची, म्हणून आश्रमीयांनी विहीर खणली आणि रहाट स्वतःच्या हातांनी फिरवला. भाजीच्या वाफ्यात पडणाऱ्या प्रत्येक थेंबामागे कुणाचे तरी दंड राबले होते.

मग इंजिन आले, विजेचा पंप आला. मोट थांबली, धाव बुजली. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर घेण्याची लाट आली आणि गावागावांत नळयोजना झाल्या. बायकांच्या खांद्यावरचा भार उतरला. ही गोष्ट मनापासून आनंदाची. मात्र त्याबरोबर परसातली विहीर निरुपयोगी ठरली. कुठे तिच्यावर स्लॅब पडला, कुठे ती कचऱ्याने भरली. पाणी टाकीत चढले आणि घरातल्यांच्या नजरेआड गेले. आज तरणतलावाची जी हौस दिसते, तिच्यात दिखाव्याचा भाग असेलही, पण घरात पाणी पुन्हा डोळ्यांना दिसावे ही जुनी भूकही आहे, आणि ती आदराने घ्यायला हवी.

सिंदीत ती भागवायची तर सुरुवात मातीपासून करावी लागते. काळी रेगडी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेले बांधकाम तडकते. म्हणून रेगडी काढून मुरमापर्यंत जायचे, कडेने मुरूमच दाबून भरायचा आणि मग सळईच्या काँक्रीटचे टाके ओतायचे. पाणी न झिरपण्याची काळजी तर मोहेंजोदडोच्या १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद महास्नानगृहातही घेतली होती. विटांच्या मागे डांबराचा थर होता. विहिरीचे गणित याच्या उलटे. तिच्या दगडांच्या फटींतून बाहेरचे पाणी आत येत असे, म्हणून तिच्या भिंतीवर दाब साठत नसे. बंद टाक्याला ही मोकळीक नाही. भर पावसाळ्यात तलाव रिकामा केला तर खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने आख्खे टाके वर उचलले जाऊ शकते. त्यामुळे साफसफाई उन्हाळ्याच्या तोंडावर करायची आणि तळाखाली निचऱ्याची सोय ठेवायची.

आता पाण्याचा हिशेब. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळजवळ पाच खेपा. मे महिन्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडून जाते असे धरले तरी दिवसाला ३२० लिटर हवेत जातात. ज्या महिन्यात गावाला नळ एक दिवसाआड येतो त्या महिन्यात हे लिटर शेजाऱ्यांच्या नजरेत भरतात, आणि भरायलाच हवेत. उलट बाजूही पाहावी. वर्ध्याकडे वर्षाला साधारण एक मीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छतावर तो एक लाख लिटर होतो. वाया जाणारे वजा केले तरी वरचा तलाव भरून उरेल इतका. रोमन घरांच्या मध्यचौकात छतावरचे पाणी झेलणारे उथळ कुंड असे, आणि आपल्या वाड्यांच्या चौकातही पागोळ्या मधेच पडत. तो चौक आणि तरणतलाव एकमेकांना जोडून दिले तर टँकर दारात यायचे कारण उरत नाही.

आकार लहान ठेवला तर सगळेच सोपे होते. पोहण्याच्या शर्यती घरी होत नाहीत. गळ्याइतके पाणी मोठ्यांना पुरते. एका बाजूला थारोळ्यासारखे गुडघाभर खोल कुंड मुलांसाठी वेगळे काढावे आणि त्यातले पाणी मोठ्या टाक्यात सांडू द्यावे. लोखंडी शिडीऐवजी लिंबच्या विहिरीसारख्या रुंद दगडी पायऱ्या बांधाव्यात. त्यांवर म्हातारी माणसेही पाय सोडून बसू शकतात. काठाला काळा बेसाल्ट शोभतो, पण दुपारी तो चटके देतो, तेव्हा पश्चिमेला सावली हवीच. कडुनिंब जवळ लावला तर पानगळीचा कचरा पाण्यात पडतो आणि मुळे टाक्याला भिडतात. त्यापेक्षा मांडवावर चढवलेली मधुमालती बरी. गाळणीचे पाणी गटारात सोडण्याऐवजी उघड्या खड्ड्यात एकदोन दिवस ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, आणि मग ते केळीच्या आळ्यात सोडता येते. काठाला कठडा आणि कुलूप लागणारे फाटक मात्र पहिल्या दिवसापासून हवे. विहिरीत बुडालेल्या मुलांच्या आठवणी गावोगाव आहेत.

ज्यांच्या प्लॉटमध्ये जुनी बांधीव विहीर आहे त्यांचे काम निम्मे झालेले असते. गाळ उपसून, ढासळलेला भाग वडार कारागिरांकडून पुन्हा रचून, वर लोखंडी जाळी बसवली आणि छताचे पाणी गाळून तिच्यात सोडले, तर तीच नव्या तलावाची साठवण होते. पंप लावून त्या पाण्याने मुलांचे कुंड मार्चमध्ये भरता येते आणि जूनपर्यंत चालवता येते, शेजारच्या पोरांनाही बोलावून.