पत्ता नसलेला मुलगा

वॉल्टर सालेस यांच्या ‘सेंट्रल स्टेशन’ (१९९८) या ब्राझिली चित्रपटातली डोरा ही निवृत्त शिक्षिका रिओच्या रेल्वे स्थानकावर टेबल मांडून निरक्षरांची पत्रे लिहून देते. पैसे घेते आणि बरीचशी पत्रे टाकतच नाही. आई अपघातात गेलेला झोझुए हा मुलगा तिच्या गळ्यात पडतो, तेव्हा परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली ती त्याला चक्क विकते आणि त्या पैशातून टीव्ही आणते. मग मन खाते, ती त्याला सोडवून आणते आणि बसमधून, ट्रकमधून त्याच्या बापाच्या शोधात निघते. रस्त्यावरच्या अशा चित्रपटांचा हा जणू नमुनाच: मन मेलेला प्रौढ, हरवलेले पोर आणि लांबचा प्रवास.

पण हा प्रवास मुळात शक्य झाला तो डोराकडे बापाचा पत्ता होता म्हणून. मुलाच्या आईने तो तिच्याकडूनच लिहून घेतला होता.

हावड्याला १९८६ साली जो मुलगा येऊन पोहोचला त्याच्याकडे तेवढेही नव्हते. पाच वर्षांचा सरू भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्थानकावर आला, बाकावर झोपला, जाग आल्यावर भाऊ दिसेना म्हणून उभ्या गाडीत शिरला. गाडी सुटली. तो उतरला थेट हावड्याला, घरापासून सुमारे दीड हजार किलोमीटरांवर. या स्थानकात चुकामूक होऊ नये म्हणून माणसे ‘बडो घोडी’खाली, म्हणजे मोठ्या घड्याळाखाली, भेटायचे ठरवतात. सरूने कुणाशी काही ठरवलेलेच नव्हते.

त्याच्याजवळ होते ते फक्त दोन उच्चार: ‘बेरमपूर’ आणि ‘गिनेस्तले’. पहिला म्हणजे बुऱ्हाणपूर, दुसरा म्हणजे खंडव्याची गणेश तलाई ही वस्ती. आता बंगालमध्ये बहरमपूर आहे, ओडिशात ब्रह्मपूर आहे. शिवाय बंगाली कानाला ‘तलाय’ म्हणजे ‘खाली’, तळे नव्हे! भुसावळचा एखादा हमाल किंवा रावेरचा केळीवाला तिथे असता, तर कदाचित त्याने विचारले असते, “बुऱ्हाणपूर का रे?” रावेरनंतर थोड्याच अंतरावर तर ते आहे. मुलाचे हिंदी हावड्यात कळत होते. अडले ते नावापाशी.

हावड्यातली माणसे दगडाची होती असे मात्र नाही. एका रेल्वे कामगाराने त्याला खाऊ घातले. त्याच्या मित्राचे लक्षण ठीक वाटले नाही म्हणून सरू तिथून पळाला. एका किशोरवयीन मुलाने त्याला पोलिसांपर्यंत नेले. पुढे लिलुआचे बालगृह, मग सरोज सूद यांची दत्तक-संस्था आणि १९८७ मध्ये टास्मानियातले ब्रायर्ली कुटुंब. डोराने खोट्या दत्तकाला मुलगा विकला. इथले दत्तक खरे होते, आणि त्यानेच मुलगा वाचला. पण चित्रपटातल्यासारखा एकच सोबती शेवटपर्यंत नव्हता. प्रत्येकाने चार पावले सोबत केली आणि हात पुढच्याच्या हाती दिला. मला हे अधिक खरे वाटते, जरी पडद्यावर त्याची गोष्ट होणे अवघड.

मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक मुंबईत सुरू झाला १९९६ मध्ये. सरूला दहा वर्षे उशीर.

परतीची वाट त्याने स्वतः शोधली, गूगल अर्थवर. हावड्यातून फुटणारे लोहमार्ग एकेक करून उलटे धुंडाळत, रात्रीमागून रात्री. २०११ मध्ये त्याला ओळखीची पाण्याची टाकी आणि पादचारी पूल दिसला. स्थानकाचे नाव होते बुऱ्हाणपूर. तिथून रुळांवरून बोट फिरवत तो खंडव्याला पोहोचला. या कथेवरचा ‘लायन’ (२०१६) सहा ऑस्कर नामांकनांपर्यंत गेला. लहानपणीचा सरू त्यात मुंबईच्या सनी पवारने रंगवला.

२०१२ मध्ये तो खंडव्याला आला. आई जुन्या घरापासून फार लांब गेली नव्हती. भाऊ मात्र त्याच रात्री रुळांवर मरण पावला होता, हे त्याला तेव्हा कळले. स्वतःचे नावही तो इतकी वर्षे चुकीचे सांगत आला होता: ते शेरू होते. सरूचे हिंदी केव्हाच विरून गेले होते, म्हणून मायलेकांच्या मध्ये एक दुभाषी बसला.