साइक्ससाहेबाचे इंद्रवज्र किती अंशांचे?

कशेळ्यातून पूर्वेला पाहिले की कोथळीगडाचा सुळका दिसतो, त्यामागे सह्याद्रीची भिंत. पश्चिमेला माथेरानचा डोंगर. श्रावणात संध्याकाळी सर ओसरून माथेरानच्या बाजूने ऊन पडले, की इंद्रधनुष्य सह्याद्रीच्या अंगावर उमटते. सकाळी उमटलेच तर माथेरानकडे. सूर्य पाठीशी हवा, ही त्याची पहिली अट. दुसरी अट मुलांच्या लक्षात येत नाही: जुलैत साधारण सकाळी सव्वानऊ ते दुपारी चार या वेळात सपाटीवरून इंद्रधनुष्य दिसतच नाही, कारण सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असतो.

हे सांगून झाले की एखादे मूल विचारतेच, "मग धनुष्य अर्धेच का? पुरे वर्तुळ का नाही?" आम्ही बरीच वर्षे उत्तर देत होतो की पुरे वर्तुळ हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसते, त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि ते १८३५ साली कर्नल साइक्स यांनी पाहिले. या एका वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक सालाची. विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करीत हिंडत होते आणि १८३१ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. १८३५ हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दख्खनच्या हवामानावरील निबंध छापला गेला ते वर्ष. म्हणजे दृश्य त्याआधीचे. शिवाय असे दृश्य नोंदवणारे ते पहिले नव्हेत. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी १७३५ मध्ये निघालेल्या मोहिमेतील बूगे आणि उयोआ यांनी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात ते पाहून लिहून ठेवले होते.

साइक्स लिहितात त्याचा आशय असा. धुके कड्याच्या काठापर्यंत चढले होते. त्यावर तेजस्वी रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले, अर्धे ते उभे होते त्या पातळीच्या वर, अर्धे खाली. मध्यभागी त्यांची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. बरोबरच्या माणसांना त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. म्हणून त्यांनी हातपाय हलवले, अंगे वाकवली, आणि समोरच्या आकृती तसेच करतात का ते पाहिले. साहेब यात अंधश्रद्धा पाहतात. आम्हाला तर तो चोख प्रयोग वाटतो: शंका आली, एक गोष्ट बदलली, परिणाम पाहिला. पण त्या माणसांची नावे निबंधात नाहीत.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची, कारण ती प्रकाशाच्या वागण्याची आहे. इंद्रवज्र म्हणजे पूर्ण झालेले इंद्रधनुष्य नव्हे.

इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांतून होते. थेंब मिलिमीटरभराचा. किरण आत शिरताना वाकतो, मागच्या पृष्ठावरून एकदा परावर्तित होतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. असे किरण आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर दाटतात, हे देकार्तने १६३७ मध्ये किरणागणिक आकडेमोड करून दाखवले. रंग का फुटतात ते पुढे न्यूटनने सांगितले. वर्तुळ पुरेच असते, खालचा भाग जमिनीच्या आड येतो इतकेच. खाली दरीतही पाऊस पडत असेल, तर कड्यावरून ते बरेच पुरे दिसू शकते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

धुक्याचा कण मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्या लहान कणांतून ४२ अंशांच्या जवळपास जे धनुष्य होते, त्यात रंग एकमेकांत मिसळून ते जवळजवळ पांढरे दिसते. इंद्रवज्राची रंगीत कडी याहून पुष्कळ लहान, बहुधा काही मोजक्या अंशांची. प्रकाश जणू आल्या वाटेने परततो. फळ्यावर वर्तुळ काढून वक्रीभवनाच्या नियमाने किरण काढून पाहा. एका परावर्तनाने पाण्याच्या थेंबातून तो असा परत येत नाही, अगदी मध्यातून गेला तरच येतो. प्रकाश तरंग आहे आणि तो कणाच्या कडेला चिकटून थोडा वळतो, हे धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही. त्याचे संपूर्ण गणित १९०८ मध्ये मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. भौतिक अर्थ उलगडायला आणखी काही दशके गेली. दरम्यान सी. टी. आर. विल्सन १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर अशीच कडी पाहून भारावले, ती प्रयोगशाळेत उमटवण्यासाठी ढग तयार करू लागले, आणि त्यातून मेघपेटी निघाली. तिच्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग साइक्सनी नेमके काय पाहिले? धुके जवळ होते म्हणून वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा, असा त्यांचा अंदाज आहे. इथेच अडते. साठ फूट व्यासाचे कडे ४२ अंशांचे मानले तर धुके ३३ फुटांवर येते. ४ अंशांचे मानले तर सव्वाचारशे फुटांपलीकडे. आकाशातल्या कड्याला फूट नसतात, अंश असतात. रंग तेजस्वी होते आणि पडदा धुक्याचा होता, यावरून ते इंद्रवज्रच असावे असा आमचा कौल. पण बाहेर नेहमीचे फिकट धनुष्यही होते, असे ते म्हणतात. ते इंद्रवज्राचेच दुसरे कडे, की इंद्रधनुष्याचे जोडधनुष्य? जोडधनुष्यात रंगांचा क्रम उलटा असतो, दुसऱ्या कड्यात तोच राहतो.

अंश मोजायला उपकरण लागत नाही. हात ताठ केला की मूठ सुमारे १० अंश झाकते, पसरलेली वीत २० अंश. शाळेच्या अंगणात सकाळी सूर्याकडे पाठ करून फवारणीच्या पंपाने पाणी उडवावे आणि डोक्याच्या सावलीपासून रंगांपर्यंत किती विती होतात ते मुलांकडून मोजवून घ्यावे. दोन विती होतील. पुढे पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर जाणे झाले, उगवतीचे ऊन पाठीशी आणि कोकणात धुके भरलेले असले, तर काठापासून मागे उभे राहून तीच मोजणी पुन्हा करावी. इंद्रवज्र बहुधा एका मुठीत मावते.