जुनी मिल कुणाची? रागातून संशोधन-प्रश्नाकडे

पेट किंवा सेट झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींचे विषय ऐकले, की त्यात राग हमखास दिसतो. ‘आयटी कंपन्यांमधली पिळवणूक’, ‘कॉर्पोरेट आणि राजकारण यांचं साटंलोटं’, ‘व्यवस्थापनाची मनमानी’. विषय खोटे नाहीत. घरातलं कुणी ना कुणी पुण्याला हिंजवडीत किंवा बंगळुरात नोकरीला असतं. एका मेलवर नोकरी गेल्याची गोष्ट आता कुणालाच नवी वाटत नाही. पण गाईडसमोर हा विषय ठेवला की ते विचारतात, ‘बरं, पण प्रश्न काय आहे?’ आणि तिथं आपण अडकतो.

राग हा विषय निवडायला चांगला असतो, प्रश्न विचारायला मात्र अपुरा पडतो. ‘कंपनी वाईट वागली’ हे निरीक्षण झालं. त्यातून प्रश्न कसा काढायचा, हे आज आपल्याच गावातल्या एका प्रकरणावरून बघू. हे प्रकरण सोलापुरात सुरू झालं, सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं आणि शेवटी त्यापायी भारताच्या संविधानात दुरुस्ती करावी लागली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतं. सोलापूरच्या आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

गिरणी आणि तिचा कारभार

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली ‘जुनी मिल’. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये ती सुरू केली. सोलापुरातली ही पहिली कापड गिरणी. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं.

त्या काळातल्या कंपन्या चालवायची एक पद्धत होती, मॅनेजिंग एजन्सी. म्हणजे काय, तर कंपनीचे मालक भागधारक, त्यांच्या वतीनं संचालक मंडळ, पण रोजचा कारभार करारानं एका वेगळ्या पेढीकडे. कापूस कुठून घ्यायचा, माल कुणाला विकायचा, कर्ज कुठून काढायचं, हे सगळं ती पेढी बघणार आणि त्याबद्दल कमिशन घेणार. अनेक ठिकाणी हे कमिशन उत्पादनावर किंवा विक्रीवर असायचं. त्यामुळे कंपनीला तोटा झाला तरी पेढीला पैसे मिळायचे. आज आपण ‘सीईओला बोनस आणि आम्हाला नारळ’ म्हणून चिडतो, त्याची ही जुनी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. ज्याच्या हातात निर्णय, त्याच्यावर नुकसानीचा भार नाही. ही पद्धत इतकी मुरलेली होती, की ती कायद्यानं पूर्ण बंद व्हायला १९७० उजाडलं.

१९४९ : गिरणीला टाळं

जुलै १९४९ मध्ये संचालकांनी कामगारांना नोटीस दिली आणि २७ ऑगस्ट १९४९ ला जुनी मिल बंद झाली. मालाचे साठे पडून आहेत आणि पैशाची चणचण आहे, अशी कारणं होती. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झालेली, कापडाची टंचाई, आणि सोलापूरसारख्या गिरणीवर जगणाऱ्या गावातली सर्वांत जुनी गिरणी बंद. सरकारला गप्प बसणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये सरकारनं अत्यावश्यक वस्तूंच्या पुरवठ्याच्या कायद्याखाली गिरणीवर एक कंट्रोलर नेमला. गिरणी चालवायची तर भांडवल लागणार, हे उघड होतं. आता इथं थोडं गणित बघा. कंपनीचे ३२,००० प्रेफरन्स शेअर होते, प्रत्येकी १०० रुपयांचे. पण भागधारकांनी त्यातले ५० रुपयेच भरलेले होते. म्हणजे १६ लाख रुपये कंपनी हक्कानं मागू शकत होती. कंट्रोलर म्हणाला, मागा. संचालकांनी नकार दिला. त्यांच्या मते हे कंपनीच्या आणि भागधारकांच्या हिताचं नव्हतं.

मग ९ जानेवारी १९५० ला, म्हणजे संविधान लागू व्हायच्या अवघे १७ दिवस आधी, गव्हर्नर जनरलनी एक अध्यादेश काढला, फक्त या एका कंपनीसाठी. एप्रिलमध्ये त्याच्या जागी संसदेचा कायदा आला. गैरव्यवस्थापन आणि हयगय यांमुळे अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला आहे आणि मोठी बेकारी निर्माण झाली आहे, असं कारण त्यात दिलं होतं. मॅनेजिंग एजंट गेले, संचालक गेले, सरकारनं नेमलेले संचालक आले. भागधारकांचे शेअर त्यांच्याकडेच राहिले. पण त्यांना संचालक निवडता येईना, त्यांचा ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय चालेना आणि परवानगीशिवाय कंपनी गुंडाळण्याचा अर्जही करता येईना.

एकच गिरणी, दोन निकाल

चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. देशात इतक्या कंपन्या आहेत, गैरकारभार अनेक ठिकाणी आहे, मग कायदा एकट्या आमच्याच कंपनीसाठी का? हा समानतेचा भंग आहे आणि आमची मालमत्ताही हिरावली आहे. डिसेंबर १९५० मध्ये निकाल लागला, ३ विरुद्ध २. बहुमतानं कायदा टिकवला. संसदेनं केलेला कायदा घटनेला धरून आहे असं गृहीत धरायचं आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर, हे तत्त्व त्यात ठळक झालं. विशेष परिस्थिती असेल तर एकटी कंपनीसुद्धा स्वतंत्र ‘वर्ग’ ठरू शकते, असं न्यायालय म्हणालं. पतंजली शास्त्री आणि दास या दोन न्यायमूर्तींना मात्र हे पटलं नाही.

इकडे सरकारी संचालकांनी तेच केलं, जे जुने संचालक करत नव्हते. प्रेफरन्स शेअरमागे उरलेले ५० रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास यांच्याकडे ३,२४४ शेअर होते. म्हणजे १,६२,२०० रुपये भरा. ते कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयात हरले, पण डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्यायालयानं या वेळी कागदावर काय आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय झालं ते बघितलं. मालकी नावाला मालकांकडे आणि सगळा ताबा सरकारकडे, म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेतल्यासारखंच आहे, असा निष्कर्ष निघाला.

सरकारपुढे पेच उभा राहिला. बंद पडणारी कंपनी वाचवायला तिचा कारभार हाती घेतला, तरी भरपाई द्यायची? यावर १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती आली. तिला इतरही कारणं होती, पण कलम ३१-अ मध्ये एक तरतूद आली ती थेट या प्रकरणाला उत्तर देणारी. सार्वजनिक हितासाठी किंवा कारभार नीट चालावा म्हणून मर्यादित काळासाठी व्यवस्थापन हाती घेणारा कायदा, मूलभूत हक्कांच्या विशिष्ट कलमांच्या आधारावर रद्द होणार नाही. ही तरतूद आजही संविधानात आहे. जुनी मिल मात्र पुढे कायमची बंद पडली.

आता आपला प्रश्न

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही घटनेच्या पुस्तकात सापडेल. संशोधक म्हणून पुढचं पाऊल आपलं आहे. या दोन्ही खटल्यांत पक्षकार कोण कोण आहेत, त्यांची यादी करा. भागधारक. कंपनी. सरकार. संचालक. आणि ज्यांच्या बेकारीचं कारण देऊन अध्यादेश निघाला, ते कामगार?

कामगार कारणात आहेत, पक्षकारांत नाहीत. त्यांच्या नावानं सरकार आत आलं, पण कारभार कुणी करायचा, भांडवल कुणी द्यायचं, गिरणी कुणाची, हा सगळा वाद मालमत्तेच्या भाषेत चालला. शेअर ही मालमत्ता होती, म्हणून भागधारकाला न्यायालयाचं दार उघडं होतं. वीस-वीस वर्षं साच्यावर घालवलेला माणूस त्या भाषेत कुठंच बसत नव्हता.

आणि हा कामगार काही मुका नव्हता. १९२० मध्ये सोलापूरच्या गिरण्यांत मोठा संप झाला होता. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा रस्त्यावर गिरणी कामगारही होते. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे होते. इंग्रज सरकारला धडकी भरवणारा हा माणूस, त्याच गावच्या गिरणीचा फैसला होत असताना दप्तरात मात्र एका शब्दापुरता उरतो, ‘बेकारी’.

मग हे कधी बदललं? डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन विरुद्ध पी. आर. रामकृष्णन’ या खटल्यात ठरवलं, की कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांना आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. हाही निकाल ३ विरुद्ध २. म्हणजे कंपनी बंद करायची की नाही, यावर तिथं राबणाऱ्याचं ऐकून घ्यावं, एवढं मान्य व्हायला संविधान लागू झाल्यानंतर ३२ वर्षं लागली, आणि तेही एका मताच्या फरकानं.

सत्यम : साचा गेला, संगणक आला

‘हे सगळं कापड गिरण्यांचं झालं, टेक्नॉलॉजी कंपन्यांचं काय?’ असं विचाराल. हैदराबादची सत्यम कंप्युटर घ्या. डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तकांच्या घरच्याच कंपन्या विकत घ्यायचा निर्णय संचालक मंडळानं घेतला. गुंतवणूकदार भडकले आणि तो तातडीनं मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून सांगितलं, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. काही दिवसांत केंद्र सरकारनं जुनं मंडळ बाजूला करून दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन असे आपले संचालक नेमले. एप्रिलमध्ये टेक महिंद्रानं कंपनी घेतली.

पुन्हा तोच साचा. गैरकारभार, सरकारचा प्रवेश, नवे संचालक. फरक एवढाच, की या वेळी एका कंपनीसाठी रातोरात अध्यादेश काढावा लागला नाही, कारण कंपनी कायद्यात तशी सोय आधीच झाली होती. गुंतवणूकदारांनी दबाव आणला तर एक निर्णय लगेच फिरला. हजारो इंजिनिअर मात्र आपलं काय होणार हे बातम्यांतून शोधत बसले.

आपण विज्ञानवाले एका नमुन्यावरून नियम मांडत नाही, आणि इथंही मांडू नका. १९५० च्या सरकारनं गिरणीत हात घातला तो लोकांच्या पोटाचा विचार करूनच, आणि भागधारकाची तक्रारही पोकळ नव्हती. एका कंपनीसाठी कायदा करायची ताकद सरकारच्या हातात असणं ही धोक्याची गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्या न्यायमूर्तींना आजच्या राजकारणात वाचून बघा, ते जुने वाटणार नाहीत. म्हणूनच ‘कंपनी वाईट, सरकार चांगलं’ किंवा त्याच्या उलट, असा प्रबंध लिहिता येत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी यातून चार प्रश्न घ्या. निर्णय कुणी घेतला? तो चुकला तर नुकसान कुणाचं झालं? आक्षेप घ्यायचा कायदेशीर हक्क कुणाला होता? आणि दप्तरात कुणाचं नाव फक्त कारण म्हणून आलं? ‘आयटी कंपन्यांमधली पिळवणूक’ हा विषय असेल, तर त्याचा प्रश्न असा होऊ शकतो: ‘कंपनीचं व्यवस्थापन बदलताना कर्मचाऱ्यांचं म्हणणं कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कागदात नोंदलं जातं?’ याला उत्तर शोधता येतं. कागद मागता येतात, मुलाखती घेता येतात, आणि उत्तर आपल्या मनासारखं नाही आलं तरी प्रबंध उभा राहतो.

सुरुवात करायला लांब जायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल मोफत वाचायला मिळतात. चिरंजीतलाल आणि द्वारकादास हे दोन्ही निकाल काढा आणि आधी फक्त घटनाक्रमाचा भाग वाचा, कायद्याचा कीस नंतर. हातात पेन्सिल ठेवा आणि ‘कामगार’ हा शब्द जिथं येतो तिथं खूण करा. वाचून झालं की खुणा मोजा, आणि त्यातल्या किती ठिकाणी कामगार स्वतः बोलतोय, तेही मोजा. तो आकडा घेऊन गाईडकडे जा. या वेळी ‘प्रश्न काय आहे?’ असं त्यांनी विचारलं, तर सांगायला काहीतरी असेल.