परत येणार ना?

परवा शनिवारी कुरकुंभला घरी गेलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांना युरोप दाखवायचा हट्ट आहे माझा, त्यासाठी शेंगेन व्हिसाची कागदपत्रं जमवायची होती. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेत, आता दिवसभर ऊस एके ऊस. बँक स्टेटमेंट, पेन्शनची कागदं, तीस हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, सगळं कॉटवर मांडलं. शेवटी सातबारा. "हा कशाला?" बाबांनी विचारलं.

म्हटलं, तुम्ही परत येणार हे सिद्ध करायला.

"आरं, परत नाय आलो तर उसाला पाणी कोण देणार?"

आता हे वाक्य कुठल्या फॉर्ममध्ये भरायचं, सांगा!

हसू नका मंडळी, कारण गेल्या वर्षी एका देशाने दोघांचेही अर्ज नाकारले होते. छापील कागद, त्यात एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी परत जाल याबद्दल शंका आहे. फी गेली, त्याचं काही नाही. पण बाबांनी तो कागद दोनदा वाचायला लावला आणि मग काही न बोलता शेतावर निघून गेले. ते मला अजून टोचतं. म्हणून म्हटलं, हा प्रश्न आपल्याला नक्की कधीपासून विचारतायत, ते एकदा बघू तरी.

आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, वय नुकतंच अठरा पूर्ण. आजच्यासारखा पासपोर्ट-व्हिसाचा खटाटोप तेव्हा नव्हता. पण 'परत येणार ना?' हा प्रश्न होताच, फक्त तो आपलाच समाज विचारत होता. बाई समुद्र ओलांडणार, धर्म बुडवून येणार! त्याच फेब्रुवारीत श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी जाहीर भाषण करून सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. थोडक्यात, कव्हर लेटरच की! आणि त्या आल्या. 1886 मध्ये डॉक्टर होऊन, क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन आल्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेल्या.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि प्रश्न सरकारच्या हातात गेला. हिंदुस्थानात 1917 मध्ये युद्धकाळातल्या नियमांनी पासपोर्ट सक्तीचा झाला. त्याचा पहिला मोठा फटका बसला तो आपल्या पुण्याच्याच माणसाला. 1918 च्या वसंतात टिळक होमरूलची बाजू मांडायला विलायतेला निघाले, बरोबर खापर्डे, केळकर वगैरे मंडळी. कोलंबोपर्यंत पोहोचले आणि तिथे कळलं की पासपोर्ट रद्द! आले परत.

गंमत पुढे आहे. त्याच सप्टेंबरात त्याच टिळकांना परवानगी मिळाली, कारण कारण बदललं होतं. व्हॅलेंटाइन चिरोलवर बदनामीचा खटला चालवायचा होता. वर अट अशी, की तिथे राजकीय चळवळ करायची नाही. ही अट पुढे उठवली गेली. माणूस तोच, देश तोच, फक्त 'पर्पज ऑफ व्हिजिट' वेगळं! खटला ते हरले, पण वर्षभराने, नोव्हेंबर 1919 ला, परत आले. परत न येण्याची भीती त्यांच्याबाबत कुणालाच नव्हती. सरकारला भीती होती ती ते तिथे जाऊन काय बोलतील याची.

युद्ध संपलं तरी पासपोर्ट काही गेला नाही. 1920 मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली, त्यात ही बंधनं हळूहळू काढायची भाषा होती. निघालं काय, तर सगळ्यांच्या पासपोर्टचा एकसारखा नमुना! सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. टेंपररी फिक्स प्रॉडक्शनला गेला की तोच स्टँडर्ड होतो.

स्वतंत्र भारतातही पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. एप्रिल 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तीन विरुद्ध दोन, म्हणजे काठावर पास. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पण या निकालाने फक्त आपल्या बाजूचं दार उघडलं. समोरचं दार त्यांच्या हातात. ब्रिटनने 1986 मध्ये भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला. त्याच्या आदल्याच वर्षी, 14 जून 1985 ला, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमा उघडण्याचा करार केला. तो 1995 मध्ये अमलात आला आणि आज त्यात 29 देश आहेत. आतल्या भिंती पडल्या तशी बाहेरची भिंत उंच झाली. 180 दिवसांत 90 दिवस, बोटांचे ठसे आणि 2024 पासून 90 युरो फी.

त्यांचंही अगदीच चूक नाही. मुदत संपल्यावर राहून जाणारे असतातच, आणि समोरच्या अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कागदावरून माणूस ओळखायचा असतो. पण कागद फार तर जमीन दाखवतो, तिची ओढ दाखवत नाही. आनंदीबाईंच्या शब्दावर किती जणांनी विश्वास ठेवला, देव जाणे. त्यांनी तो पाळला एवढं खरं.

असो. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलंय. कव्हर लेटरमध्ये ह्या वेळी उसाची लागवड कधी, तोड कधी, हेही सरळ लिहिलं. आईने फाईल आधी फिरंगाईच्या पायाशी ठेवली. फिरंग्यांच्या देशात जायचं तर हिच्याइतकी योग्य शिफारस कुणाची, असं मी म्हटलं तर आईने टपली मारली.

बाबा मात्र फाईलकडे बघत एवढंच म्हणाले, "ह्या वेळी नाय म्हटले, तर परत इचारायचं नाय." अर्ज सोमवारी द्यायचाय.