परमवीरांची घरे

१९८८ साली दूरदर्शनवर ‘परमवीर चक्र’ ही मालिका दाखविण्यात आली. चेतन आनंद हे तिचे दिग्दर्शक. १९६४ चा ‘हकीकत’ हा युद्धपटही त्यांचाच. मालिकेचे कलागुण जाणत्यांनी ठरवावेत. मला तिचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणासाठी. शासकीय मानपत्रात वीराचे नाव, पलटण, रणभूमी व पराक्रम एवढेच येते. त्यात त्याच्या घराला जागा नसते. नाटकाला मात्र वीर उभा करावयाचा तर त्याचे घरही उभे करावे लागते, आणि इतिहासाचा एक मोठा भाग तेथेच घडलेला असतो.

मेजर धनसिंग थापा यांचेच पाहा. २० ऑक्टोबर १९६२ रोजी पँगाँग सरोवराच्या उत्तर तीरावरील सिरिजापचे गुरखा ठाणे चिन्यांच्या हाती पडले. थापा धारातीर्थी पडले असे समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. वस्तुतः ते युद्धकैदी होते. १९६३ च्या मे महिन्यात ते परतले. कागदावरील ‘मरणोत्तर’ हा शब्द काढणे फारसे कठीण नव्हे. टिप्पणी, मंजुरी, दुरुस्तीपत्रक, ही वाट आम्हां कारकुनांना तोंडपाठ असते. घरी मात्र अंत्यविधी उरकले होते, पत्नी वैधव्य पाळीत होती. पुरोहिताकरवी यथाविधी संस्कार झाल्यावाचून त्या दांपत्याला संसार पुन्हा मांडता येईना. पती जिवंत दारात उभा, आणि तरीही शास्त्राची संमती हवी! या प्रसंगाला मानपत्रात कोठला रकाना असणार?

मालिकेत अब्दुल हमीद यांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे फोडीत १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण विभागात हमीद पडले. २६ जानेवारी १९६६ रोजी दिल्लीत राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून त्यांचे पदक घेतले ते पत्नी रसूलन बीबी यांनी. गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूर खेड्यातून त्या आल्या होत्या.

हे पदकही एका सैनिकी घरातच आकारास आले, आणि ते घर मराठी होते, हे आपणां परप्रांतस्थांस विशेष जवळचे वाटावे. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका कन्येने विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह केला व ती सावित्रीबाई झाली. संस्कृत व पुराणे यांचा त्यांचा व्यासंग मोठा. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून त्यांनी पदकाचा आराखडा केला; त्यावर इंद्राची चार वज्रे कोरलेली आहेत. वज्र म्हणजे दधीचीच्या अस्थी, हे वाचकांस सांगावयास नको.

पदकाचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. हात प्लास्टरमध्ये असतानाही हट्टाने काश्मीरला गेले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे कामी आले. सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे ते दीर. मालिका निघाली त्याच वर्षी सोमनाथांचे धाकटे बंधू विश्वनाथ सेनाप्रमुख झाले. सावित्रीबाई पुढे १९९० साली निवर्तल्या.